वाचतंय खडाखडा, पण गोष्ट कळत नाही: लेकरांना पात्रांच्या मनापर्यंत कसं न्यायचं

तिसरीतलं लेकरू माकड आणि मगरीची गोष्ट खडाखडा वाचतं. जोडाक्षरावर अडत नाही. गोष्टीत कोण कोण होतं? बरोबर सांगतं. माकड कुठं राहायचं? तेही बरोबर. मग विचारावं, "मगरीनं माकडाला पुन्हा झाडापाशी का नेलं?" इथं सगळं थांबतं. कुणी धड्यातलंच एखादं वाक्य उचलून परत वाचतं, कुणी छताकडं बघत बसतं. मग शब्दार्थ फळ्यावर येतात, धडा पुन्हा वाचून घेतला जातो, शेवटी गुरुजीच उत्तर सांगतात आणि ते वहीत उतरतं. चाचणीत तेच उत्तर आलं की लेकराला गोष्ट कळली असं धरून सगळे पुढं जातात.

शब्द त्याला कळलेलेच होते. माकड खोटं बोलतंय हे माकडाला माहीत आहे, वाचणाऱ्याला माहीत आहे, मगरीला नाही. हे एकाच वेळी डोक्यात धरता आलं नाही तर त्या गोष्टीत नदीतल्या दोन फेऱ्यांपलीकडं काही उरत नाही. दुसऱ्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, त्याला काय वाटतंय, हे ओळखण्याची समज लेकरांत पायरीपायरीनं येते. तिला इथं मनाची समज म्हणू. गोष्टीचं आकलन बरंचसं तिच्यावर उभं असतं.

पुढची पद्धत पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी आणि घरी लेकरू घेऊन बसणाऱ्या कुणासाठीही आहे. टप्प्यांचा क्रम मात्र मोडू नका. बहुतेक वर्गांत थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारली जाते, आणि गडबड तिथंच होते.

सुरुवातीआधी: अडतंय नेमकं कुठं?

गॉफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचलेलं समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. गुणाकार आहे हे लक्षात ठेवा. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. म्हणून आधी तीन उतारे घ्या, साधारण सारख्याच अवघडपणाचे, पण वेगवेगळे. एकच उतारा तीनदा वापरला तर तिसऱ्या वेळी लेकरू पाठांतरावर उत्तर देतं आणि तपासणी वाया जाते.

१. पहिला उतारा लेकराला स्वतः वाचू द्या. दोन प्रश्न विचारा, त्यातला एक "का" असा.

२. दुसरा तुम्ही वाचून दाखवा. तसेच दोन प्रश्न.

३. तिसरा पुस्तक मिटून, लेकराच्या घरच्या बोलीत सांगा. पुन्हा दोन प्रश्न.

वाचताना अडलं पण ऐकून कळलं, तर अडचण अक्षरांची आहे. आधी वाचनाचा सराव द्या, या लेखाची घाई नको. ऐकूनही कळलं नाही, पण घरच्या बोलीत कळलं, तर अडचण पुस्तकी मराठीची आहे. मराठवाड्यात हे फार दिसतं, आणि तरीही लेकरालाच "कच्चं" ठरवलं जातं. तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलतं, देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू असते, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी. घरी मराठीच बोलणाऱ्या लेकरालासुद्धा "तो विचारमग्न झाला" हे वाक्य परकंच असतं.

घरच्या बोलीत सांगूनही "कोण, कुठं, काय" येतं आणि "का" येत नाही, तेव्हा हा लेख कामाचा.

सावधान: ही तपासणी वर्गासमोर घेऊ नका. एकेकाला बाजूला घेऊन करा. सगळ्यांना एकदम विचारलं की दोन हुशार लेकरं ओरडतात आणि बाकीचे त्यांच्या सुरात सूर मिसळतात. पहिली-दुसरीत कोरसमधल्या उत्तरावर विश्वास ठेवायचाच नाही, असा नियम करून टाका.

तयारी: गोष्ट निवडणं आणि तक्ता करणं

कुठलीही गोष्ट चालत नाही. निवडीची कसोटी एकच: गोष्टीत कुणाला तरी काहीतरी माहीत नाही, आणि त्या माहीत नसण्यामुळं पुढची घटना घडते. फसवणूक, गैरसमज, लपवलेली वस्तू, वेष पालटणं, गुपित. पोळ्याच्या सणाचं वर्णन, पाण्याचं महत्त्व, झाडांचे उपयोग हे धडे चांगले असतील, पण या कामाला निरुपयोगी. लोककथा मात्र सोन्यासारख्या. म्हातारी लेकीकडं जाऊन लठ्ठ होते आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवते, ती गोष्ट प्रत्येक आजीला येते आणि आपल्याला हवं ते सगळं तिच्यात आहे.

गोष्ट निवडल्यावर कागदावर छोटा तक्ता करा. डावीकडं मोक्याची बाब, उजवीकडं कुणाला माहीत आणि कुणाला नाही. भोपळ्याच्या गोष्टीत असं येईल:

म्हातारी लठ्ठ होऊन परत येईन म्हणते, पण तिला खरं तर सुटका हवी आहे: म्हातारीला माहीत, ऐकणाऱ्याला बहुतेक माहीत, वाघाला नाही.

भोपळ्यात म्हातारी आहे: म्हातारीला माहीत, लेकीला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत, वाघाला नाही.

हा तक्ता वर्गात दाखवायचा नाही. कुठं थांबायचं हे तुम्हाला कळावं म्हणून तो करायचा. ज्या क्षणी एखाद्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, तिथं पुस्तकात पेन्सिलीनं खूण करा. एका गोष्टीत तीन खुणा पुरे. सात-आठ केल्या तर गोष्टीचं पंचनाम्यात रूपांतर होतं आणि लेकरं कंटाळतात.

आणि धड्याखाली बोधवाक्य छापलेलं असेल तर त्यावर कागद चिकटवा. "खोटे बोलू नये" हे वाचून झालं की कोण खोटं बोललं आणि कुणाला ते खरं वाटलं, याचा विचार करायची लेकराला गरजच उरत नाही.

टप्पा १: पुस्तक बाजूला, आधी बिस्किटाचा पुडा

अंगणवाडी, पहिली आणि दुसरीच्या सुरुवातीला हा टप्पा गाळू नका. लागतं काय: बिस्किटाचा रिकामा पुडा, मूठभर चिंचोके, आणि चार-पाच लेकरांचा गट.

चिंचोके पुड्यात भरून तोंड बंद करा. एका लेकराला दाराबाहेर पाठवा, समजा तिचं नाव राणी. बाकीच्यांना विचारा, "यात काय आहे?" बिस्किटं, असंच उत्तर येणार. उघडून दाखवा. हसू ओसरलं की पुडा परत बंद करा आणि या क्रमानं विचारा:

१. आता आत खरं काय आहे?

२. राणीनं आत बघितलंय का?

३. राणी आत आली आणि तिला पुडा दाखवला, तर ती काय म्हणेल?

४. पुडा उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?

साधारण तीन वर्षांची बरीच लेकरं तिसऱ्या प्रश्नाला "चिंचोके" म्हणतात. राणीनं बघितलेलं नाही हे तेच लेकरू क्षणापूर्वी सांगून मोकळं झालेलं असतं. चौथ्या प्रश्नालाही ते "मला चिंचोकेच वाटले होते" असं ठामपणे सांगतं. हा खोटारडेपणा नव्हे. गोपनिक आणि ॲस्टिंग्टन यांनी १९८८ साली हेच दाखवलं होतं, की या वयात लेकराला स्वतःचा आधीचा चुकीचा समजही आठवत नाही.

पहिले दोन प्रश्न गाळणं ही इथली नेहमीची चूक. ते नसतील तर तिसऱ्याचं उत्तर चुकल्यावर लेकरू विसरलंय, त्याला प्रश्न कळला नाही की मनाची समज अजून यायचीय, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

मग राणीला खरोखर आत बोलवा आणि विचारा. ती "बिस्किटं" म्हणाली की ज्यांचं चुकलं होतं त्यांच्या चेहऱ्याकडं बघा. तिथं काही समजावून सांगू नका. "ती असं कामून म्हणाली?" एवढंच विचारा आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या. दोन-चार दिवसांनी दुसरी वस्तू घेऊन हाच खेळ पुन्हा. एका दिवसात चार वेळा करून उपयोग नाही.

टप्पा २: पायऱ्या ओळखा

दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखणं ही वरची पायरी आहे. तिच्याखाली आणखी पायऱ्या असतात आणि लेकरू कुठल्या पायरीवर आहे हे कळल्याशिवाय प्रश्न विचारणं म्हणजे अंधारात दगड. वेलमन आणि लिऊ यांनी २००४ साली पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आपल्या घरच्या उदाहरणांत ती अशी बसते.

१. आवड वेगळी असते. तुला शेव आवडते, आजीला धपाटं. आजी काय घेईल?

२. मत वेगळं असतं. शेळी गोठ्यात असेल असं तुला वाटतं, दादाला वाटतं ती बांधावर आहे. दादा आधी कुठं बघेल?

३. बघितलं तरच कळतं. डब्यात काय आहे ते तू बघितलंस, काकूनं नाही. काकूला माहीत असेल का?

४. समज चुकीची असू शकते. वरचा पुड्याचा खेळ.

५. चेहऱ्यावर एक, मनात दुसरं. मामानं आणलेला सदरा आवडला नाही, तरी पोरगं मामासमोर हसलं. मनात त्याला काय वाटत होतं?

दुसरी आणि तिसरी पायरी उलटसुलट आली तर घाबरू नका. चीनमधल्या लेकरांत "बघितलं तरच कळतं" हे आधी येतं आणि मतांतला फरक नंतर, असं याच मोजपट्टीवर दिसलं आहे. घराघरातली बोलण्याची रीत वेगळी, तसा क्रमही थोडा हलतो.

तपासा: लेकरू ज्या पायरीवर अडतं तिच्या एक पायरी खालच्या गोष्टीपासून सुरुवात करा. पाचवी पायरी न आलेल्या लेकराला "राजा वरवर हसला" या वाक्याचा प्रश्न विचारून काहीही हाती लागत नाही.

टप्पा ३: गोष्ट ऐकवा, खुणेवर थांबा

अजूनही पुस्तक लेकराच्या हातात द्यायचं नाही. अक्षरं उलगडायला जो जोर लागतो तो वाचवून सगळा मनावर खर्च होऊ द्या. गोष्ट तुम्ही सांगा किंवा वाचा, आणि पेन्सिलीच्या खुणेवर थांबून तीन प्रश्न विचारा. क्रम असाच:

त्याला काय माहीत आहे? त्याला काय वाटायलंय? मग तो आता काय करंल?

भोपळा गडगडत वाघासमोर आला. थांबा. भोपळ्यात कोण आहे ते वाघाला माहीत आहे का? नाही. मग वाघाला काय वाटायलंय? नुसता भोपळाच आहे असं. मग तो काय करंल? इथपर्यंत आलेलं लेकरू पुढचा प्रसंग स्वतःच रचतं. "काय करंल" आधी विचारलं तर ते आठवणीतून सांगतं, कारण गोष्ट त्यानं आधी ऐकलेली असते, आणि तुमची फसगत होते.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण करून नोंदवलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि न बोलणारी लेकरंही बोलू लागतात. वर्गात तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

आता सगळ्यात मोठी चूक. कळकळीचे शिक्षकच ती जास्त करतात. गोष्ट सांगता सांगता ते समजावत जातात: "बघा हं, वाघाला माहीतच नव्हतं की आत म्हातारी आहे, त्याला वाटलं हा नुसता भोपळा आहे." लेकरं माना डोलावतात. पेस्किन आणि ॲस्टिंग्टन यांनी २००४ साली बालवाडीच्या वयाच्या लेकरांचे दोन गट करून हेच तपासलं. एका गटाच्या गोष्टींत "तिला वाटलं", "त्याला माहीत होतं" असे शब्द मुद्दाम पेरले होते. दुसऱ्या गटाला त्याच गोष्टी, तीच चित्रं, पण ते शब्द काढून टाकलेले. पात्राच्या मनातलं त्यांना स्वतःच ताडावं लागत होतं. पहिल्या गटातली लेकरं ते शब्द जास्त वापरू लागली. पण चुकीची समजूत उलगडून सांगण्यात दुसरा गट पुढं निघाला.

म्हणून समजावणं बंद, विचारणं सुरू. उत्तर आलं नाही तर तक्त्यातल्या आधीच्या बाबीकडं न्या: "भोपळ्याचं तोंड बंद केलं तेव्हा वाघ कुठं होता?" त्यानंही आलं नाही तर गोष्ट पुढं न्या. अडून बसू नका.

बोलीबद्दल एक गोष्ट. लेकरू म्हणालं, "वाघाला वाटलं की भोपळाच पळायलाय," तर तिथं "पळत आहे म्हण" असं मधेच तोडू नका. त्यानं दुसऱ्याच्या डोक्यातला विचार एका वाक्यात पकडलाय, मोठं काम केलंय. क्रियापद दुरुस्त करायला आख्खं वर्ष पडलंय. त्याच्या बोलीतच पुढचा प्रश्न विचारा. मनाचे शब्द मात्र तुमच्या बोलण्यात हळूहळू वाढवत न्या: वाटलं, माहीत होतं, ओळखलं, ठरवलं, विसरला, शंका आली, मुद्दाम, चुकून, भास झाला. लेकरू आणि तुम्ही मिळून उत्तर शोधत असताना ते आले पाहिजेत. शब्दार्थांच्या यादीत घालून पाठ करून घेतले तर ते वहीतच राहतात.

टप्पा ४: आता पुस्तक लेकराच्या हातात

ऐकलेल्या गोष्टीत तीन प्रश्नांची उत्तरं सहज यायला लागली की मगच वाचन. उतारा अगदी सोप्या शब्दांचा घ्या, लेकराच्या इयत्तेपेक्षा एक वर्ष खालचा. कस लागायचा तो मनाचा, अक्षरांचा नको. नमुन्यासाठी हा घ्या:

माय खुरपायला निघाली. जाताना तिनं तिळाच्या लाडवांचा डबा फडताळात ठेवला. गणूनं ते बघितलं आणि तो खेळायला पळाला. दुपारी आजीला फडताळात मुंग्या दिसल्या. तिनं डबा उचलून शिंक्यात ठेवला. दिवेलागणीला गणू घरी आला. तो सरळ फडताळापाशी गेला. डबा नव्हता. गणूनं ताईकडं रागानं बघितलं. ताई म्हणाली, "मी नाही रे बाबा!"

या उताऱ्यात "वाटलं" हा शब्द एकदाही नाही. तो मुद्दामच गाळलाय. लेकराला एकदा मोठ्यानं, एकदा मनात वाचू द्या. मग प्रश्न, याच क्रमानं:

१. डबा आधी कुठं होता? आता कुठं आहे?

२. आजीनं डबा हलवला तेव्हा गणू कुठं होता?

३. गणू सरळ फडताळापाशी का गेला?

४. त्यानं ताईकडं रागानं का बघितलं?

५. गणू तर काही बोललाच नव्हता. मग ताई "मी नाही" असं का म्हणाली?

पहिल्या प्रश्नात चुकलं तर पुढं जाऊ नका, उतारा पुन्हा वाचू द्या. बाकीच्या प्रश्नांवर येणारी चुकीची उत्तरं ठरावीक असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

"गणू शिंक्याकडं गेला." लेकरानं स्वतःला माहीत असलेलं गणूच्या डोक्यात घातलं. उपाय: चूक म्हणू नका, दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. हे उत्तर तिसरीत वारंवार आलं तर टप्पा १ वर परत जा. विमर आणि पर्नर यांनी १९८३ साली चॉकलेटची जागा बदलण्याची अशीच गोष्ट लेकरांना सांगितली होती. तीन ते चार वर्षांच्या एकाही लेकराला नीट उत्तर देता आलं नाही, चार ते सहाच्या ५७ टक्क्यांना आणि सहा ते नऊच्या ८६ टक्क्यांना आलं. म्हणजे ऐकलेल्या गोष्टीतसुद्धा सहाच्या पुढची काही लेकरं मागं राहिली होती. वाचताना तर आणखी राहणार.

"लाडू खायचे होते म्हणून गेला." सगळ्यात फसवं उत्तर हेच. शिक्षक खूश होऊन पुढं जातात. लेकरानं गणूची इच्छा सांगितली, समज सांगितली नाही. विचारा: "लाडू खायचे होते, बरोबर. पण मग शिंक्याकडं कामून गेला नाही?" आता "त्याला वाटलं डबा तिथंच आहे" हे यायला हवं. आलं नाही, तर लेकरू पहिल्या पायरीवर, आवडीनिवडीवरच चाललंय.

"ताईनं लाडू खाल्ले." गणूला जे वाटलं तेच खरं घडलं असं लेकरू धरून बसलंय. उपाय: बोट ठेवायला सांगा. "ताईनं खाल्ले हे कुठल्या ओळीत आहे?" ओळ सापडत नाही. मग "असं कुणाला वाटायलंय?" इथं बऱ्याच लेकरांचा चेहरा उजळतो.

"गणू वाईट आहे, रागवू नये." बोधवाक्यांची सवय. निवाडा बाजूला ठेवा आणि विचारा, "त्याला राग कशामुळं आला?"

पाचवा प्रश्न चौथीच्या लेकरांसाठी, तिसरीतल्या काहींसाठी. ताईला कळलंय की गणूला असं वाटतंय की डबा तिनं घेतला. मनातलं मन. पर्नर आणि विमर यांच्याच १९८५ च्या कामात हे दुहेरी ताडणं साधारण सहा-सात वर्षांपासून दिसू लागतं, तेही गोष्ट ऐकवून आणि सोपी करून विचारलं तर. दुसरीच्या लेकराला ते आलं नाही म्हणून जीव काढू नका.

आणखी एक प्रश्न शेवटी जरूर विचारा: डबा शिंक्यात आहे हे ताईला माहीत आहे का? उताऱ्यात ते दिलेलंच नाही. "सांगता येत नाही" हे इथलं बरोबर उत्तर. आपल्या शाळांत या उत्तराला मार्क नसतात, म्हणून लेकरं काहीतरी ठोकून देतात. "सांगता येत नाही, कारण ताई तेव्हा कुठं होती ते लिहिलेलं नाही" असं म्हणणारं लेकरू उत्तम वाचक आहे.

सावधान: हाच उतारा तिसऱ्यांदा वापरू नका. डबा, फडताळ आणि नावं बदलून नवे उतारे करा. दहा मिनिटांत होतात. कुणीतरी बघत नसताना काहीतरी बदललं पाहिजे, आणि ते न कळल्यामुळं पुढचं घडलं पाहिजे.

टप्पा ५: तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून

"आता तू आजी. काय झालं ते सांग." तिसरी-चौथीत लिहून घ्या, खाली तोंडी. खरी कसोटी इथं लागते, आणि तपासणीही सोपी: आजीला जे माहीत असणं शक्य नाही ते आजीच्या तोंडी आलंय का बघा.

समजा लेकरानं सांगितलं: "मी डबा शिंक्यात ठेवला. मग मी निजले. गणू आला आणि फडताळात बघून ताईवर चिडला." निजलेल्या आजीला हे कसं कळलं? रागावून विचारू नका, खऱ्या कुतूहलानं विचारा. काही लेकरं लगेच दुरुस्त करतात. काही भन्नाट उत्तर देतात: "ताईनं नंतर सांगितलं." ते पूर्ण गुणांचं उत्तर आहे, कारण माहिती कुठून आली याचा हिशेब त्यात आहे.

नाट्यीकरण करत असाल तर एक पथ्य पाळा. गणू झालेल्या लेकराला डबा हलवताना खरंच बाहेर पाठवा. तो वर्गातच उभा राहून सगळं बघत असतो आणि मग खोटं खोटं फडताळ शोधतो. त्यात त्याला काहीच ताडावं लागत नाही.

घरी: वाचता न येणाऱ्या मायबापांनाही जमतं ते

पालक सभेत "घरी वाचून घ्या" सांगून उपयोग नसतो. या कामाला अक्षरओळख लागतच नाही. रोजच्या घडामोडींत मनाबद्दल बोलणं पुरतं: "काका आज का गप्प होते, तुला काय वाटलं?" "बाळ रडलं, त्याला वाटलं मी निघून गेले." घरात भावनांबद्दल आणि त्यांच्या कारणांबद्दल बोलणं असलं की लेकरांना दुसऱ्यांचं मन लवकर उमगतं, हे लहान लेकरांच्या घरी जाऊन केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. आजीला गोष्ट सांगायला लावा, मधे थांबायला शिकवा. भांडण झालं तर "तिनं मुद्दाम केलं का चुकून?" हा प्रश्न शिक्षा करायच्या आधी विचारा.

ऊसतोडीला मायबाप गेले की बीड, धाराशिव, जालन्याकडची कितीतरी लेकरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. तिथं फोनचा वापर करा. लहान लेकरू फोनवर "हे बघ माय, असं चित्र काढलंय" म्हणतं, वही फोनसमोर धरतं. मायला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच येत नाही. बोलणं सुरू व्हायच्या आधी विचारा: "मायला इथलं काय माहीत नाही? तिला कळंल असं कसं सांगशील?" साध्या फोनवर करा, व्हिडिओ कॉलवर नको, तिथं सगळं दाखवता येतं आणि सांगायची गरज संपते.

किती अपेक्षा ठेवायची, कुणाला दाखवायचं

दिवसाला वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एवढं पुरे. रोज केलं तर लेकरं प्रश्नांचा साचा ओळखतात आणि गोष्ट न ऐकताच "त्याला माहीत नव्हतं" असं फेकायला लागतात. तसं झालं की मधेच सगळ्यांना सगळं माहीत असलेली गोष्ट घाला आणि तेच प्रश्न विचारा.

मनाची समज आणि भाषा एकमेकींना धरून वाढतात. मिलिगन, ॲस्टिंग्टन आणि डॅक यांनी २००७ साली १०४ अभ्यास एकत्र करून हा संबंध पक्का दाखवला आहे. म्हणून ज्या लेकराचा शब्दसाठाच तोकडा आहे त्याला हे प्रश्न एकटे तारणार नाहीत. भरपूर गोष्टी ऐकवणं आणि गप्पा मारणं चालूच हवं. विज्ञानाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या धड्याला या पद्धतीचा फायदा थोडाच.

पुड्याचा किंवा डब्याचा खेळ चुकला म्हणून लेकरावर कुठलाही शिक्का मारू नका. स्वमग्न लेकरांना हे प्रश्न अवघड जातात हे १९८५ पासून माहीत आहे. पण ऐकू न येणाऱ्या ज्या लेकरांच्या घरात खुणांची भाषा कुणाला नीट येत नाही, त्यांनाही ते उशिरा जमतात, कारण त्यांच्याशी मनातलं फारसं कुणी बोलतच नाही. लाजरं लेकरू, प्रश्नाची भाषा न कळलेलं लेकरू, भुकेलं लेकरू, सगळीच चुकतात. पहिली-दुसरी ओलांडल्यावरही चौथी पायरी येत नसेल, आणि सोबत नावानं हाक मारल्यावर न बघणं, इतर लेकरांत न मिसळणं, बोलणं फारच कमी असणं असं काही दिसत असेल, तर आधी कान तपासून घ्या. मग तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठा. जाताना "कच्चा आहे" असं सांगू नका. कुठल्या पायरीवर काय विचारलं आणि लेकरू काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत लिहून न्या.